बाईंची वेबसाइट

सिल्वासात बदली होऊन आल्यावर मी हौसेने नरोली, खेरडीकडे जाणाऱ्या बसच्या वेळांची वेबसाइट केली. तिची ओळ न् ओळ मीच लिहिली होती. पण मोबाइलवर अक्षरं एकमेकांवर चढायची, आणि मधूनच ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा यायचा.

अशात आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तयार साच्यातून तशीच साइट उभी केली. ती झटकन उघडायची. स्टाफरूममध्ये सगळे बाईंचं कौतुक करायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

एक दिवस ती बंद पडली.

“सर, जरा बघता का?” बाई म्हणाल्या.

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांच्याकडून चुकून एक सेटिंग बदललं गेलं होतं. मी ते दुरुस्त केलं.

“तुमच्यासारखं मला कुठलं जमतंय!” त्या मनापासून म्हणाल्या.

मी खुशीत घरी आलो. बायको माहेरी खेरडीला निघाली होती आणि मोबाइलवर बस शोधत होती, बाईंच्याच साइटवर.

“अहो, तुमची उघडतच नाही,” ती म्हणाली.

बाईंची साइट मीच चालू करून आलो होतो, हे तिला सांगावंसंही वाटेना. चहा तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला.