दांडा तेवढा काकांचा

जठारपेठेत आमच्या समोर राहणारे काका रोज सकाळी फाटकातून हाक मारतात, "या, कॉफी करून राहिलो." ऐकलं की माझं डोकं फिरतं.

त्यांच्या लेकीने पुण्याहून फ्रेंच प्रेस पाठवलाय. काचेचं भांडं, आत जाळीचा दांडा; कॉफी मुरली की तो दाबायचा, चोथा खाली बसतो. बिया काकू दळतात, पाणी काकू उकळतात, जाळीही काकूच घासतात. काका घड्याळ धरून चार मिनिटं बसतात, मध्ये कोणी बोललं तर हात वर करून गप्प करतात, आणि शेवटी दांडा दाबतात. मग म्हणतात, "आज मले जमली बरं."

परवा काकूंनी बिया तिखटासारख्या बारीक दळल्या. जाळी तुंबली, दांडा खाली जाईना. भांडं हलू नये म्हणून काकूंनी ते धरलं आणि काकांनी उभं राहून जोर लावला. कढत कॉफी उसळली ती थेट काकूंच्या मनगटावर.

"काच तडकली काय, पाह्य बरं," काका म्हणाले. "कावून इतकं बारीक दळलं?"

काकूंनी आधी काच पाहिली, मग हात नळाखाली धरला. मी गप्प बसले, त्याचा राग अजून जात नाही.

आज पुन्हा हाक आली. मनगटाला फडकं बांधून काकू दुसऱ्या हाताने भांडं धरत होत्या.

"काका, आज दांडा काकू दाबतील," मी म्हटलं. "भांडं तुमी धरा."

काकांनी भांड्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"जाऊ द्या, आज कॉफी नको," ते म्हणाले, आणि काकूंकडे वळले. "चहा मांड वं."