लुगड्यानं मोजलेली नदी

माझ्या सासूनं आयुष्यभर गोदावरी लुगड्यानं मोजली. यात कौतुकाचं काही नाही. लुगडं कसं धरलं जायचं ते मला ठाऊक आहे, कारण दुसरं टोक माझ्या हातात असायचं.

आमचं गाव सोनपेठपासून पायी जाण्याच्या अंतरावर, अगदी नदीकाठी. राज्य निजामाचं होतं आणि ते जायला अजून काही वर्षं बाकी होती, पण हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर नदी उतरली की गावाच्या अंगाला वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडे. त्यावर बायका टरबूज-खरबुजाच्या वाड्या करत. पुरुषांना मनाई नव्हती. पण वाळूत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचं आणि उन्हात वाकून एकेक वेल वळवायचा, हे काम त्यांच्या प्रतिष्ठेला झेपत नसे. म्हणून ती जमीन बायकांकडे राहिली.

वाटणी सासू करायची. तिला हा अधिकार कोणी दिला, असं मी नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तिच्या सासूनं." त्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

दर घराला पाण्याच्या कडेनं चार लुगडी लांबीची एक वाडी. लुगडं सगळ्यांना तेच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, असं सासू म्हणायची. पण पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. जिच्याशी तिचं जमायचं, तिच्या वाडीला ती मला सांगायची, "ताण गं." जिच्याशी बिनसलेलं असेल तिच्या वेळी म्हणायची, "सैल धर, फाटंल." चार लुगड्यांत मिळून दोन-तीन हातांचा फरक सहज पडे. शिवाय नदीनं आणून टाकलेली काळी मळई, म्हणजे सगळ्यात सुपीक तुकडा, दरवर्षी आमच्याच वाट्याला यायचा. योगायोगानं.

सगळ्यात सैल लुगडं आक्काला. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून ती माहेरी परत आली होती आणि वेशीजवळ एकटी राहायची. सारं गाव तिला आक्काच म्हणे. तिनं कधीकाळी एका लग्नात, सासूच्या पोळीत पुरण शोधावं लागतं, असं चारचौघींत म्हटलं होतं. तेव्हापासून तिची वाडी पट्ट्याच्या वरच्या टोकाला, दगडगोट्यांत पडू लागली आणि तिथंच पडत राहिली.

एका वर्षी नदी उतरल्यावर गिरदावर आला. जमिनीची मोजणी आणि पिकांची पाहणी करणारा हा महसुलाचा माणूस. तो घोडीवर, मागं पायी आमचा पटवारी आणि साखळी उचललेले दोघे जण. त्यानं बायकांना गोळा करून सांगितलं, "नदीचं पात्र सरकारी हाय. लागण करायची तर अर्ज द्या, नंबर घ्या."

सासूनं विचारलं, "सरकारला टरबुजं लावायचीत का?"

"सरकारला नोंद पायजे."

"मग घ्या की लिहून. आमी कुठं धरलंय तुमाला?"

गिरदावर भला माणूस होता. उन्हात काळी शेरवानी घालून घामानं निथळत होता, तरी आवाज चढवला नाही. त्यानं दोन दिवस साखळीनं पट्टा मोजला, नक्षा काढला, तुकड्यांना नंबर घातले आणि अर्जाची वाट पाहत चावडीत बसला. कोणी गेलं नाही. सासूचा धाक सरकारपेक्षा जवळचा होता.

फक्त आक्का गेली. सोनपेठच्या बाजारात अर्ज लिहून देणारा बसायचा, त्याच्याकडून उर्दूत अर्ज लिहून आणला, अंगठा केला आणि गिरदावराच्या हाती दिला. अर्ज एकच, त्यामुळे नंबरही पहिला. आणि पहिला नंबर नेमका मळईचा.

त्या दिवशी आमच्या घरात भांडी जरा मोठ्यानं घासली गेली. सासू म्हणाली, "माझ्या सासूनं कसलेली जागा, अन् हिनं कागदावर नेली." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

लागणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला. दोन दिवस झोडपलं, नदी फुगली आणि ओसरली तेव्हा धार अलीकडे सरकली होती. मळई पाण्याखाली गेली. उलट वरच्या टोकाला, जिथं गोटे होते, तिथं ताजा गाळ आणि वाळू येऊन पडली होती.

गिरदावर पुन्हा आला. आक्का कागद घेऊन पुढं झाली आणि म्हणाली, "माझी वाडी दाखवा."

त्यानं नक्षा उघडला. काठावरच्या खुणेच्या आंब्यापासून पावलं मोजत तो निघाला आणि पाण्याच्या कडेशी थांबला. मग बूट काढून पटवाऱ्याच्या हातात दिले, पायजमा वर खोचला आणि चालत राहिला. गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "ही हिथं."

"हिथं काय लावू?"

त्यानं पुन्हा नक्षा पाहिला. "हद्द बराबर हाय," तो म्हणाला. "नदी चुकलीय."

बायका हसल्या. तो मात्र हसला नाही. त्याला खरोखर तसंच वाटत असावं.

आक्का म्हणाली, "मग त्या नव्या वाळूत द्या."

"तिला नंबर न्हाई. नक्षात तिथं गोटे हायत. वर लिहून विचारतो. जबाब येईस्तोवर कुणी हात लावू नका." आणि आक्काच्या नंबरासमोर त्यानं पाण्यातच उभ्यानं 'दरिया बुर्द' असं लिहिलं. पटवाऱ्यानं अर्थ सांगितला, नदीनं खाल्लेली जमीन.

घोडी वळणापलीकडे गेली न गेली तोच सासूनं काखेतलं लुगडं उलगडलं. नव्या वाळूवर तीन-चार वाड्या मोजून झाल्या. आक्का बाजूला वाळूत बसून कागदाची घडी घालत होती. घडीवर घडी घालून तिनं तो सुपारीएवढा केला. एक म्हातारी म्हणाली, "तिलाबी मोजा की एक."

सासू म्हणाली, "तिला सरकारनं दिलीय. चार लुगडी पाणी."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आक्कानं आमच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, तोंड चुकवतही नव्हती. ती एकेकीचा चेहरा नीट बघत होती. माझ्यापर्यंत नजर आली तेव्हा मी हसायची थांबले.

म्हातारीनं पुन्हा म्हटलं तेव्हा सासू मोठ्या मनानं तयार झाली. "बरं, शेवटची तिला. सैल धर गं."

मी लुगडं ताणलं. सासूला दुसऱ्या टोकाला ते लगेच कळलं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे एक पाऊल टाकलं. मी एक पाऊल मागं गेले. ती काही बोलली नाही, कारण बोलली असती तर इतकी वर्षं काय चालत होतं ते तिनंच सांगितल्यासारखं झालं असतं. चारही वेळा असंच झालं. चौथ्या वेळी लुगडं माझ्या हातातल्या काठाशी टर्रकन फाटलं.

घराच्या उंबऱ्यात सासू म्हणाली, "हात लय बळकट झालेत तुझे." दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळचं दळण माझ्याकडे आलं. महिनाभर मी जातं ओढलं आणि हात खरोखर बळकट झाले.

चैत्रात गिरदावर पाहणीला आला तेव्हा मनाई केलेल्या वाळूवर टरबुजं टरारली होती. त्यानं विचारलं, "ही लागण कुणाची?"

"आपोआप उगवलंय," सासू म्हणाली.

वेल ओळीनं होते, खड्ड्यांत शेणखत दिसत होतं. गिरदावरानं सावलीत बसून एक टरबूज खाल्लं, बिया नीट बाजूला काढल्या आणि वहीत 'खुदरौ' लिहिलं. म्हणजे आपलं आपण उगवलेलं. सासू आणि सरकार यांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. वरून जबाब आला तो आषाढात. परवानगी मिळाली होती. वाळू तेव्हा दोन पुरुष खोल पाण्याखाली होती.

पुढच्या वर्षी बायकांनी सासूला सरळ सांगितलं की लुगडं नको, काथ्याची दोरी आणा, आणि मळई कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. तिनं आठ दिवस अबोला धरला, मग दोरी तिनंच वळून आणली. त्या चिठ्ठ्यांत मळई आम्हाला आली नाही, आक्कालाही आली नाही.

आक्काशी माझं त्यानंतर सख्य झालं असं नाही. गिरदावरानं टरबूज खाल्लं त्याच चैत्रात ती एक टरबूज घेऊन आमच्या दारी आली. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "तुमच्यापरीस तो गिरदावर बरा. पाण्यातली का व्हईना, मागितल्यावर दिली त्यानं. तुमी समद्या हसत होत्या."

मी म्हटलं, "व्हय, हसले."

"ठाऊक हाय. मी बघितलं," ती म्हणाली आणि टरबूज ठेवून निघून गेली. कापलं तर आतून पांढरं निघालं. सासूनं त्यावर मीठ टाकून अर्धं खाल्लं आणि उरलेलं माझ्याकडे सरकवलं.