शेजारी शेजारी, सारख्या मापाचे

पुण्याजवळच्या मांजरी गावात कुणाचा वाढदिवस कधी, हे एखाद्या वेळी त्याची आई विसरेल, शंभू विसरणार नाही. शंभू फ्लेक्स करतो. गॉगल चढवून, फोन कानाला लावून आकाशाकडे बघणारे जे ‘भावी’ लोक चौकाचौकात दिसतात, त्यांना ते आकाश शंभूच पुरवतो. त्याच्याकडे निळं, भगवं आणि वीज चमकणारं अशी आकाशं तयार असतात. गिऱ्हाईक मोठं असेल तर शेजारी वाघ मिळतो.

पण त्याचं खरं कसब आकाशात नाही, मुंडक्यांत आहे. कुणाचं मुंडकं केवढं, कुणाच्या शेजारी, कुणाच्या खाली, हे शंभूला न सांगता कळतं. एका वर्षी एका शुभेच्छुकाचा फोटो मेहुण्याच्या फोटोपेक्षा बोटभर लहान झाला, तर त्या दोन घरांत अजून हळदीकुंकवाला जाणं-येणं नाही. आणि मोकळी जागा! फ्लेक्सवर हातभर जागा रिकामी दिसली की गिऱ्हाईक हमखास विचारणार, “हितं काय राहिलं का?” मग तिथं आणखी दोन शुभेच्छुक बसायचे. सगळं भरून झालं की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘शंभू आर्ट्स’. गावभर सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावासाठी एवढीच जागा.

पुढे फ्लेक्स उतरवणारी महापालिकेची गाडी वरचेवर फिरू लागली आणि पोरं फोनवरच शुभेच्छा तयार करून मोकळी व्हायला लागली. तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेल्या शंभूने ठरवलं, आपण वेबसाइट शिकायची. बायको उत्कर्षा म्हणाली, “शिका की. न्हाईतरी दुकानात माश्याच मारताय, त्या तिकडं जाऊन मारा.” आमच्याकडे याला प्रोत्साहन म्हणतात.

क्लास बिबवेवाडीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर. शिकवणारी शेफाली अकोल्याहून आलेली, वयाने शंभूच्या निम्मी. वर्गातली पोरं पहिल्या दिवसापासून त्याला ‘काका’ म्हणू लागली आणि त्यातल्या एकाने तर क्लासचा मालक समजून त्याच्याकडे फी आणून दिली.

शंभूने केलेलं पहिलं पान म्हणजे बघत राहावं असा फ्लेक्स होता. प्रत्येक अक्षर, प्रत्येक फोटो डावीकडून किती, वरून किती, असं मोजून बसवलेला. शेफालीने पडद्यावरच्या खिडकीची कड माउसने धरून ती अरुंद केली. अर्धं पान पडद्याबाहेर गेलं. शीर्षकातलं ‘शुभेच्छा’ हे ‘शुभे’पाशी कापलं गेलं.

“काका, तुम्ही पान खिळे ठोकून बसवलंय,” ती म्हणाली. “हे चौकात नाही उभं राहणार. कुणाच्या टेबलावर असेल, कुणाच्या खिशात. जागा असेल तर शेजारी बसायचं, नसेल तर खाली सरकायचं, एवढंच त्याला सांगा. बाकीचं त्याचं ते बघतं.”

“म्हणजे पंगतीसारखं.”

“हो, पंगतीसारखं.”

तिथून शंभूचं गाडं जे सुटलं! एचटीएमएलमध्ये हे शीर्षक, हा मजकूर, हा तळ असं प्रत्येक गोष्टीला तिच्या कामाचं नाव द्यायचं आणि ती दिसणार कशी ते सीएसएसमध्ये वेगळं लिहायचं, हे त्याला मनापासून पटलं. ग्रिड आलं तेव्हा तर तो स्कूटरवरून घरी येईपर्यंत प्रत्येक इमारतीच्या खिडक्यांचे स्तंभ आणि ओळी बघत आला, आणि सिग्नलला मागच्याच्या शिव्या खाल्ल्या. ज्या मोकळ्या जागेला तो जन्मभर घाबरला, ती आता तो मुद्दाम सोडायला लागला. रिकामी जागा राखायला हिंमत लागते, असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. ऐकणारे म्हणायचे, “हे बिल्डरला सांग.”

शेफालीच्या ओळखीने खराडीतल्या एका कंपनीत जागा निघाली. लहान धंदेवाल्यांना वेबसाइट करून देणारी कंपनी. अट एकच: एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेलं, चालू असलेलं पान दाखवा. शंभूला आयुष्यात पहिल्यांदा अशी नोकरी दिसली, जिथं महिन्याच्या महिन्याला पगार होता आणि वाघ नव्हता. आता हवं होतं एक गिऱ्हाईक.

ते गावातच होतं. गावच्या पतसंस्थेला वेबसाइट हवी होती, कारण शेजारच्या गावच्या पतसंस्थेने केली होती. अध्यक्ष दत्तोबाअण्णा, उपाध्यक्ष ज्ञानदेवनाना. दोघांच्याही जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. बांधावरून भांडायला बांध उरला नाही, म्हणून दोघे पतसंस्थेत भांडतात. एकाच बाबतीत त्यांचा तह आहे: कुठल्याही फ्लेक्सवर दोघं शेजारी शेजारी, सारख्या मापाचे. तो तह शंभूनेच वर्षानुवर्षं सांभाळलेला. शिवाय शंभूच्या दुकानाचा गाळा दत्तोबाअण्णांचा.

शंभूने जीव ओतून पान केलं. वर संस्थेचं नाव, खाली अण्णा आणि नाना शेजारी शेजारी, मग योजना, पत्ता, वेळ. अक्षरं स्वच्छ, जागा मोकळी. तळाला वाचता येईल अशा अक्षरात ‘रचना: शंभू’. ‘आर्ट्स’ त्याने काढून टाकलं होतं. शेफालीने पान पाहिलं आणि खुर्चीवरून उठून त्याच्या हातात हात दिला. त्याच दिवशी पानाचा पत्ता खराडीला गेला आणि मुलाखतीचा दिवस ठरला.

संस्थेच्या बैठकीत संगणकावर पान सगळ्यांना आवडलं. मग नानांनी ते आपल्या फोनवर उघडलं.

“शंभू,” नाना शांतपणे म्हणाले, “मी ह्याच्या खाली कधीपासनं गेलो?”

शंभूने सांगितलं, फोन अरुंद असतो, शेजारी जागा नसली की दुसरा फोटो खाली सरकतो.

“मग अण्णाला सरकव. त्याला वजन जास्त हाय.”

शंभूने तिथंच बसून फोनवरही दोघांना शेजारी आणलं. चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे झाले. अण्णा म्हणाले, “अरे, हे सभासदांना दिसायला हाय का जिभंनं चाटून चिकटवायला?” मग शंभूने अशी व्यवस्था केली की पान उघडेल तसं एकदा अण्णा वर, एकदा नाना वर. अण्णांनी फोन उघडला, नाना वर. बंद करून पुन्हा उघडला, अण्णा वर. तेवढ्यात पलीकडे नानांनी उघडला. पुढचा बराच वेळ दोन वयस्कर माणसं समोरासमोर बसून आपापले फोन उघडबंद करत होती आणि संस्थेचं कामकाज तहकूब होतं.

“ह्यापेक्षा शंभूनं केलेला संस्थेच्या वर्धापनदिनाचा तो फ्लेक्स काय वाईट होता?” शेवटी नाना म्हणाले.

“तोच लाव की,” अण्णा म्हणाले. “आख्खा. म्हंजे कोणी हलणार न्हाय.”

दोघं एकमेकांशी थेट बोलले, हे पाहून काही संचालकांचे डोळे पाणावले. ठराव एकमताने मंजूर झाला.

“अण्णा, ती वेबसाइट होत नाही,” शंभू म्हणाला. “नुसतं चित्र होतं. आतलं काही वाचताच येत नाही.”

“गाळ्याच्या दाराला गंज चढलाय बघ,” अण्णा म्हणाले. “तुझ्याच्यानं होईना तर सांग. गाळा मागायला येतात लोक.”

त्याच संध्याकाळी शंभूने सगळं उतरवलं. शीर्षक, मजकूर, तळ, ग्रिड. त्या जागी एका ओळीत एक चित्र: वर्धापनदिनाचा फ्लेक्स, भगव्या आकाशासकट आणि वाघासकट.

मुलाखतीत समोरच्या तरुणाने पतसंस्थेच्या पानाचा पत्ता फोनवर उघडला. बराच वेळ दोन बोटांनी चित्र मोठं करत, सरकवत राहिला.

“काका, हा फ्लेक्स आहे.”

शंभूने लॅपटॉपवर जुनं पान दाखवलं. खिडकी स्वतः अरुंद करून दाखवली. पान पंगतीसारखं अलगद खाली बसलं.

“छान आहे,” तरुण म्हणाला. “पण हे गिऱ्हाइकाने ठेवलं नाही ना? पान काय, आता कोणीही करतं. आम्हाला गिऱ्हाइकाला पटवणारा माणूस हवा.” मग जरा आदराने त्याने विचारलं, “वाघ कुठून आणता तुम्ही?”

परत आल्यावर शंभूने दुकानाचं गंजकं दार ओढून वर केलं. नाना वाटच बघत होते. येत्या आठवड्यात त्यांचा वाढदिवस होता.

“वेबसाइट झ्याक झाली बरं का,” ते म्हणाले. “आन् तुझं नाव बी हाय की कोपऱ्यात! पाव्हण्यांना दाखवत होतो.”

नानांनी फोन पुढे केला. सबंध फ्लेक्स तळहाताएवढा झाला होता. कोपऱ्यातलं नाव मुंगीएवढं. शंभूने दोन बोटांनी ते मोठं केलं. जसजसं मोठं होत गेलं, तसतसं फुटत गेलं, आणि शेवटी पडद्यावर नुसते करडे चौकोन उरले.

“दिसलं का?” नानांनी विचारलं.

“दिसलं,” शंभू म्हणाला. “आकाश कुठलं घ्यायचं, नाना?”