मास्तरांची बेसूर मोटार

आमचे मास्तर कोणत्याही वस्तूला कान लावायचे. दार, माठ, नवी खाट, काहीही. मग मान हलवून म्हणायचे, "बेसूर आहे." झाडीपट्टीच्या नाटकांत ते पेटी वाजवायचे, म्हणून सारा वडसा त्यांना मास्तर म्हणे. मीही तेच म्हणे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती.

असा माणूस एका वर्षी नाटकांचा हंगाम संपल्यावर नागपूरहून मोटार घेऊन आला. लाल, बसकी, दोनच माणसांची. जुन्या काळची परदेशी शर्यतीची गाडी आहे, असं त्यांनी गल्लीला सांगितलं. मी दारातून आत निघून गेले. घरात खाणारी तोंडं पाच आणि गाडी दोघांची. नळावर बाया विचारायच्या, "काऊन वं मास्तरीणबाई, तुले डिक्कीत बसवते का?" घागर अर्धी भरूनच मी घरी यायची.

इंजिन धड होतं, हे खरं. बिघाड सारे आतले, बारीकसारीक. मास्तरांनी मिस्त्री बोलावला नाही. "मोटार म्हंजे मोठी पेटीच आहे," म्हणायचे. गियरच्या दांड्याभोवतीचं चामडं फाटलं होतं, तिथं पेटीच्या भात्याचं चामडं शिवलं. समोरच्या खणाचं झाकण गुडघ्यावर पडायचं, त्याला पेटीची पितळी कडी लावली. काचेखाली काहीतरी खडखडायचं, तिथं पेटीच्या पट्ट्यांखालचं मऊ लोकरी कापड, बनात, कोंबलं. खडखड थांबली तेव्हा मला भांड्यांवरून उठवून गाडीत बसवलं.

"ऐक, काहीच ऐकू येत नाई!"

"मंग मी काय ऐकू?" मी म्हटलं.

राहिलं छत. आतलं कापड सुटून डोक्याला लागायचं. नाटकात पडद्यांच्या चौकटींना कापड चिकटवतात ते भाताच्या खळीनं. मास्तरांनी पातेलंभर खळ शिजवली आणि कापड असं ताणून बसवलं की एक सुरकुती नाही. नाटकाला ती खळ चालते, कारण चौकट रोज उघडते, रोज हलते. ही गाडी पावसाळाभर गोठ्यात झाकून होती. वडशात धानाच्या गिरण्या, आणि गिरण्यांमागे उंदीर.

पावसाळा सरला आणि आमच्या थोरलीला पाहायला आलापल्लीहून पाहुणे यायचे ठरले. मुलाचे वडील जंगलखात्यात गार्ड होते. काठी आपटून वाघ हुसकावलेला माणूस, असं त्यांचं नाव. पेटीवाल्याच्या घरी असं स्थळ पुन्हा आलं नसतं. मी सांगितलं, "बसस्टँडवरून ऑटोनं आणा."

"होणारा इवाई का ऑटोनं येते?" म्हणाले, आणि होणाऱ्या व्याह्यांना मोटारीत घालून आले. मुलगा आणि त्याची आई मागून ऑटोत.

मोटार दारापाशी आली तेव्हा सारी गल्ली बाहेर. काचा बंद होत्या. छताचं कापड एकदम सुटलं, दोघांच्या डोक्यावर पडलं, आणि आतून एक लांब किंकाळी आली. दार उघडलं तर एक उंदरीण टुणकन बाहेर, मागे कापडावर तिची पिल्लं. मास्तर आधी उतरले. पाहुणे कापडाखालून सावकाश निघाले, टोपी झटकत.

"मास्तर, उंदराले एवढं भेता का जी?" कोणीतरी म्हणालं. लोक हसून हसून वाकले. पोरगी पदर घेऊन आत उभी होती, तिच्यासमोर हे. मास्तर नुसते उभे राहिले. पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला नाही, चहा अर्धा ठेवून उठले. ते गेल्यावर मी बोलले, "कापड पडलं ते पडलं, बायकांसारखं वरडले काऊन?" मास्तर पेटी पुसायला बसले.

तरी होकार आला. लग्नाआधीच मास्तरांनी मोटार नागपूरच्या माणसाला परत दिली. पण लग्नानंतर मुलीच्या घरी ते कधी गेले नाहीत. आलापल्लीला नाटक असलं तरी कंपनीच्या तंबूतच राहायचे. मुलगी तंबूत येऊन भेटायची, रडायची. ते म्हणायचे, "ज्याच्या टोपीवर उंदीर पाडला, त्याच्या दारात कसा जाऊ?" व्याहीही आमच्याकडे फिरकले नाहीत. त्यांच्या मनात ते राहिलंय, अशी आमची खात्रीच झाली. आणि गल्लीत मास्तरांचं नाव 'उंदीरमास्तर' पडलं, ते मरेपर्यंत.

मास्तर गेले, तेव्हा तेरवीला व्याही आले. जेवणं झाली, माणसं पांगली, तरी हे भिंतीशी बसून. मग जवळ आले.

"बाई, एक गोष्ट विचारतो. त्या दिवशी मोटारीत वरडलो तो मी होतो. मास्तरानं कोणाले सांगतलं का? मले त्यायले तोंड दाखवणं झालं नाई."

"नाई," मी म्हटलं. "मलेही नाई."

त्यांनी मान खाली घातली. मीही घातली.