आतली खोली

मालिनीकाकूंच्या हातात सुई नाही, असं मी क्वचितच पाहिलं आहे. शिरगावातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. दुपारी त्या दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसतात, कारण त्यांच्या घरात चांगला उजेड येतो तो जिन्याच्या खिडकीतूनच, आणि मांडीवर कुणाची तरी साडी पसरून फॉल लावत असतात. साड्या उल्हासनगरच्या दुकानांतल्या. काका संध्याकाळी पिशवीतून आणतात, शिवून होतील तशा सकाळी परत नेतात. परक्या साडीवर जीव लावू नये, असं काकू म्हणतात. पण एखादा रंग आवडला की ती साडी त्या सगळ्यात शेवटी शिवायला घेतात, म्हणजे ती घरात जरा जास्त राहते.

काका म्हणजे विष्णुपंत. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळायचे. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा शौनक शाळेत होता. मग काका उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी कापडवाल्याकडे हिशेबाला बसू लागले. शेठ मनाने चांगला, पण तोंडाने मोकळा.

"पंत, लडका इंजिनियर बनेगा तो आप इधर गद्दी पे थोडी बैठोगे?"

"बैठूंगा ना शेठ. आपका जीएसटी क्या वो भरेगा?"

घरी येऊन काका हे रंगवून सांगायचे. काकूंना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. "गादीवर बसवतात म्हणजे काही पाट मांडत नाहीत," एवढंच म्हणायच्या.

त्यांचं घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर आणि एक आतली खोली. दहावीच्या वर्षी ती खोली शौनकला अभ्यासाला दिली, ती त्याचीच झाली. काका दिवाणावर झोपू लागले, काकू खाली गादी घालून. बारावीनंतर त्याला हवी ती शाखा नाशिकच्या एका कॉलेजात मिळाली. फीचा बराचसा भाग सवलतीत निभावत होता. उरला तो हॉस्टेलचा आणि मेसचा खर्च, आणि तो दर महिन्याला दारात उभा.

आतली खोली भाड्याने द्यायची कल्पना काकूंची. काकांना ती पटली नव्हती. ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी करत राहिले आणि म्हणाले, "घरात परका माणूस ठेवायचा?"

"मग रिकाम्या खोलीची पूजा मांडायची आहे का?" काकू म्हणाल्या.

शौनकला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "चालेल की, आई. मी कुठे असतो तिथे."

"मी त्याला विचारलं होतं गं, श्रद्धा," काकू मला हल्ली सांगतात. दोरा दातांनी तोडतात. "पण विचारलं तेव्हा फोन खांद्यावर धरून मी त्याची पुस्तकं खोक्यात भरतच होते."

खोलीत आला तो धर्मराज. मंगळवेढ्याकडचा, अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला. वयाने शौनकपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. पाळ्या बदलत्या, त्यामुळे त्याच्याकडे घराची किल्ली असणं भागच होतं. लॅचच्या किल्ल्या तीन: एक काकांची, एक काकूंची, तिसरी शौनकची. शौनकची किल्ली टीव्हीजवळच्या खिळ्याला नुसतीच लटकत होती. काकूंनी ती काढून धर्मराजच्या हातावर ठेवली. मी तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. त्यात खटकण्यासारखं मलाही काही दिसलं नाही.

धर्मराज वाईट निघाला असता तर ही सगळी गोष्ट सोपी झाली असती. तो वाईट नव्हता. पाणी यायच्या वेळी घरी असला तर पिंप भरून ठेवायचा. सिलिंडर जिन्यावरून खांद्यावर आणायचा. गावाहून आला की ज्वारीचं पोतं काकूंच्या पुढ्यात उतरवायचा. "मंगळवेढ्याची हाय काकू, बाजारातली न्हवं. भाकरी टम्म फुगती का न्हाई बघा." आधी नुसती खोली ठरली होती. मग काकू त्याला सकाळचा चहा देऊ लागल्या, मग रात्रीचं जेवण, आणि पुढे कधीतरी डबाही. भाडं त्याने कधी चुकवलं नाही. ते आलं की त्याच दिवशी काका नाशिकला पाठवून द्यायचे.

पहिल्या दिवाळीला शौनक आला तो हॉलमध्ये झोपला. दिवाण आणि टीव्हीचं कपाट यांच्यामध्ये आणखी एक गादी मावते, तिथे. आतमध्ये धर्मराज रात्रपाळी करून दिवसा झोपलेला असायचा, म्हणून टीव्हीचा आवाज बारीक. फराळाला आम्ही गेलो तेव्हा शौनक विनोद करत होता. "ताई, हळू बोल. आमचे साहेब झोपलेत." काकूंनी त्याला चापट मारली आणि सगळे हळूच हसले.

त्यानंतरची महाशिवरात्र मात्र माझ्या चांगली लक्षात आहे.

काका-काकू सकाळीच अंबरनाथला शिवमंदिरात गेले होते. त्या दिवशी तिथली रांग सरता सरत नाही. गर्दीत कुठे पडायला नको म्हणून फोन दोघांनी घरीच ठेवले होते. दुपारी मी दार उघडलं तर समोर जिन्याच्या पायरीवर शौनक. पाठीला सॅक, बुटांची नाडीसुद्धा सोडलेली नाही. न कळवता आला होता. दर महाशिवरात्रीला काकू तुपागुळातल्या रताळ्याच्या फोडी करतात, त्या त्याच्या फार आवडीच्या.

"अरे, आमच्याकडे ये ना बसायला," मी म्हटलं.

"नको गं ताई. येतीलच इतक्यात. आतून फोन वाजतोय दोघांचा, ऐकत बसलोय."

मी साबुदाण्याची खिचडी बशीत काढत होते, तोवर जिन्यावर पावलं वाजली. धर्मराज पहिली पाळी करून आला होता.

"आरं, साहेब! हितं पायरीवं का बसलाय?" त्याने घाईघाईने खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि बाजूला सरून उभा राहिला. "या, या. बसा."

मी बशी घेऊन मागोमाग गेले. धर्मराजने पंखा लावला. दिवाणावरची साड्यांची पिशवी उचलून खाली ठेवली, जागा करून दिली. आतून तांब्या-फुलपात्र आणून शौनकच्या हातात पाणी दिलं. त्याच्या गावी दारात आलेल्या माणसाला पाणी विचारतात, तसंच. शौनक दिवाणाच्या कडेला बसला होता. सॅक अजून मांडीवरच.

"च्या टाकू का? साखरंचा डबा काकूंनी जागा बदलून ठिवलाय, तुम्हाला घावायचा न्हाई."

"नको, राहू दे."

"मग ह्ये घ्या." धर्मराजने त्याच्या पिशवीतून डबा काढला. "काकूंनी सकाळी दिल्त्या. रताळ्याच्या फोडी. दोन उरल्यात बघा. लई ग्वाड करत्यात."

शौनकने डब्यात पाहिलं. एक फोड उचलली आणि खाल्ली. "हो," म्हणाला, "छान करते."

काका-काकू आले तेव्हा आम्ही तिघं बोलत बसलो होतो. काकूंना मुलाला पाहून काय करू नि काय नको झालं. कपाळावर भस्म, हातात बेलाचा पुडा, तशाच त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "बाहेर ताटकळला असतास रे. बरं झालं, धर्मराज होता."

"हो ना," शौनक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निघताना तो दारात बूट घालत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "आई, मी एक किल्ली करून घेऊ का?"

त्या लॅचची किल्ली साध्या किल्लीवाल्याकडे होत नाही, कंपनीच्याच दुकानात जावं लागतं, हे खरं. काकूंच्या डोक्यात तेव्हा तेवढंच होतं. त्या हसत म्हणाल्या, "वर्षातून दोनदा येणाऱ्याला किल्ली कशाला उगाच? आम्ही असतोच की घरी."

तो हसला. पिशवीतला रताळ्याच्या फोडींचा डबा नीट उभा राहील असा ठेवला आणि गेला. काकूंनी रात्री बसून त्याच्यासाठी पुन्हा केल्या होत्या.

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. एकदम नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला तिकडेच एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. गणपतीत सबमिशन. मग तो दोन मुलांच्या शिकवण्या करू लागला आणि घरी म्हणाला, "मेसचं मी बघेन, तुम्ही एवढं पाठवू नका." काकांनी हे शेठला सांगितलं, शेठने दुकानातल्या सगळ्यांना. काकूंनी आमच्या आईला सांगितलं, "पोरगं समजूतदार निघालं हो." त्या दिवशी त्यांनी मला उगीचच बोलावून लाडू दिला होता.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीला तो आला तेव्हा हातात नाशिकचा चिवडा आणि मिठाईचा बॉक्स होता. काकू म्हणाल्या, "अरे, घरी येताना कसलं आणतोस?" पण बॉक्स घेतला. तो चार दिवस राहिला. सकाळी कुणी उठायच्या आत गादीची घडी करून कोपऱ्यात उभी करायचा. चहाचा कप विसळून पालथा घालायचा. आंघोळीला जाण्याआधी धर्मराजला विचारायचा, "तुमची ड्युटी किती वाजता? तुम्ही आधी जाता का?" धर्मराज ओशाळायचा. "आवो, तुमचंच घर हाय की."

काकू स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्यांना तेव्हा फक्त बरं वाटलं होतं, की दोघांचं पटतं. पालथा घातलेला तो कप त्यांना पुढे कितीतरी दिवसांनी दिसला, असं त्या म्हणतात.

शौनक पास झाला आणि त्याला बंगळुरूला नोकरी लागली. त्याच महिन्यात धर्मराजचं लग्न ठरलं. त्याने वांगणीला जागा घेतली. जाताना तो काकूंच्या पाया पडला आणि किल्ली दोन्ही हातांनी परत दिली. काकू रडल्या. त्याच्यासाठी रडल्या ते खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

मग त्यांनी आतली खोली धुऊन काढली. मला हाताखाली घेतलं होतं. माळ्यावरची खोकी उतरवली. शौनकची पुस्तकं, बुद्धिबळाचा पट, क्रिकेटचं एकाच हाताचं ग्लोव्ह. टेबल पूर्वी खिडकीच्या डाव्या बाजूला होतं की उजव्या, यावर काका-काकूंचं बराच वेळ एकमत होईना. शेवटी काका म्हणाले, "तो आला की सांगेल." काकूंनी नवी चादर काढली. निळी, त्यांच्या मते त्याच्या आवडीची.

बंगळुरूला रुजू होण्याआधी तो दोन दिवसांसाठी आला. बेल एकदाच वाजली. काकू पळत गेल्या. त्याने बूट काढून बाहेरच्या रॅकवर ओळीत ठेवले, आत आला आणि सॅक दिवाण आणि टीव्हीच्या कपाटामध्ये, नेहमीच्या जागी ठेवली.

"तुझी खोली लावलीय," काकू म्हणाल्या. "बघ तरी."

त्याने जाऊन पाहिलं. मी दारातच होते. टेबलावर हात ठेवला. "मस्त झालीय," म्हणाला. टेबल डावीकडे की उजवीकडे, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

रात्रीची गोष्ट काकूंनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितली. त्या आत पाण्याचा तांब्या ठेवून आल्या, तर तो हॉलमध्ये गादी पसरत होता.

"आत झोप ना."

"आई, तुम्ही दोघं झोपा ना आत. इतकी वर्षं खाली झोपतेयस, कंबर दुखते तुझी. मला इथेच बरी झोप येते आता."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर भांडता आलं असतं, असं काकू म्हणाल्या. त्याला खरंच आईच्या कमरेची काळजी होती. मग रात्री हॉलमध्येच तिघं झोपले. आत कुणीच गेलं नाही.

निघायच्या सकाळी काकूंनी ती तिसरी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. तिला त्यांनी लाल गोंडा बांधला होता, साडीच्या उरलेल्या रेशमाचा. त्याने गोंडा बोटांनी सारखा केला आणि किल्ली परत त्यांच्या हातात ठेवली.

"हरवेल माझ्याकडून तिकडे. कशाला उगाच? तुम्ही असताच की घरी."

काकू म्हणतात, त्यांचे तेव्हाचे शब्द त्याला आठवत नव्हते, तो सहज बोलून गेला.

त्या दुपारी त्या सुई न घेताच आमच्याकडे आल्या. आई झोपली होती, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. "तुमच्याकडे असू दे ही. कधी तो न सांगता आला आणि आम्ही नसलो, तर."

किल्ली आमच्या मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला आहे. महाशिवरात्रीला काकू अजून शिवमंदिरात जातात, पण निघण्याआधी आमचं दार वाजवून विचारतात, "आहात ना आज घरी?" आम्ही असतो. शौनक त्यानंतर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने आधी फोन केला होता.