गुरचरणावरची घरं

दादाचा फोन आला तेव्हा मी चौक गावात गॅरेजमध्ये गाडीचा टायर बदलून घेत होतो. "लवकर ये रं... तुझी वहिनी गेली." सकाळी मीच तिला खालापूरला तहसील कचेरीपाशी सोडलं होतं. उतरताना म्हणाली, "भावजी, या ग्रामसभेला माणसं जमली पायजेत. पाऊस थांबणार नाय आपल्यासाठी." परतताना रिक्षातच तिच्या छातीत कळ आली, दवाखाना काही गाठता आला नाही.

सुनंदावहिनी चौकच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावची सरपंच होती. गावठाण भरून गेलेलं, लग्न झालेली पोरं एकाच खोलीत पडदा लावून संसार करतात. अशात एक बिल्डर 'परवडणारी घरं' म्हणत गुरचरणावर इमारती उभ्या करायला आला. गाव हरखलं. वहिनीने चौकशी केली तेव्हा कळलं, ती घरं शनिवार-रविवारी हवा खायला येणाऱ्यांना परवडणारी होती. मग तिने हट्टच धरला : गुरचरणावर लहान घरं व्हावीत, ती आधी गावातल्या बेघरांना मिळावीत, आणि कुणाला द्यायची हे ग्रामसभेनेच ठरवावं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने ते पदरात पाडून घेतलं. गावाने गुलाल उधळला.

खरी परीक्षा पुढेच होती... डोंगराच्या उतारावर आमच्याच पंचायतीतली आदिवासी वाडी आहे. तिथली बुधी ग्रामसभेत उठली आणि म्हणाली, "आमालापन खाली घरं द्या. पावसात डोंगराची भीती वाटते." सभेत गलका झाला. सगळ्यात मोठा आवाज माझ्या दादाचा, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचा. "आपल्याच पोरांना पुरत नाय, यांना कुठून द्यायचं?" हात वर झाले आणि वाडीचं नाव गळलं.

त्या दिवशी वहिनी चुलीपुढे नुसती बसून राहिली. "भावजी, ठरवायचा हक्क मीच आणला ना गावाला? त्याच हक्कानं यांनी बुधीला नाय म्हटलं." मी म्हणालो, वरून हुकूम आणू. ती म्हणाली, "आज वरनं आपल्यासाठी हुकूम येईल, उद्या बिल्डरसाठी येईल. गावालाच वळवायला पायजे... पण तवर डोंगर थांबला पायजे हो."

ही धास्ती तिला खाऊ लागली. जेवताना घास हातात धरून ती डोंगराकडे बघत बसायची. पावसाचा जोर वाढला की छत्री घेऊन वाडीवर जायची, बुधीच्या झोपडीत राहायची. एकदा ती परतली नाही, तेव्हा दादा रागारागाने तिला आणायला वर गेला. मीही मागोमाग गेलो. झोपडीच्या मागे जमिनीला लांबच लांब भेग पडली होती. दादाने भेगेत काठी घातली, ती आत जातच राहिली... "अवो, आता तुमीच सांगा," वहिनी म्हणाली. उतरताना दादाने बुधीचं धाकटं पोर खांद्यावर घेतलं.

पुन्हा सभा लावायची तिची धडपड त्यानंतरची, आणि ती सभा तिला दिसली नाही. तिच्या तेराव्यानंतर गाव जमलं. दादा उठला. "मागच्या वेळी नाय म्हणणारा मीच होतो. मी ती भेग बघून आलोय. ज्याला नाय म्हणायचं त्यानं आधी वर जाऊन यावं." बरेच जण गेले. दुसऱ्या दिवशी ठराव झाला, थोड्याच हातांच्या फरकाने का होईना, वाडीचं नाव यादीत घेतलं गेलं.

पाया अजून खणलेला नाही. आमचं गाव नव्या शहराच्या आराखड्यात जाणार असं लोक बोलतात. मग आमच्या ठरावाला कोण विचारणार, कुणी सांगत नाही. बुधीची माणसं सध्या आमच्या पडवीत आहेत, बाकीची वाडी वरच आहे.

पाऊस वाढला की वहिनी मागच्या दाराची कडी काढून ठेवायची. वाडीवरून कुणी धावत आलं तर त्याला दार वाजवत उभं राहायला लागू नये म्हणून. काल दुपारी आभाळ भरून आलं. दादा जेवता जेवता उठला, उष्ट्या हाताने मागच्या दाराकडे गेला. कडी काढल्याचा आवाज आला. तो मात्र बराच वेळ परत आला नाही, दारातच डोंगराकडे बघत उभा राहिला.