मोठ्या मामांच्या बंदुकीचं तेलपाणी

आमच्या मोठ्या मामांइतका निरुपद्रवी बंदूकवाला अख्ख्या सिंधुदुर्गात नसेल, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. शस्त्रांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, भर बाजारात वाटली आहेत. त्यातलं एक मामांना दिलं, तेव्हा त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि त्यालाच तेलाचे हात पुसले. "कागद बरो आसा रे. तेल शोषता."

मसुऱ्यात त्यांची काजूची बाग आणि ती माकडा-डुकरांपासून राखायला परवान्याची बंदूक, पुढचा लाकडी दस्ता मागेपुढे ओढला की काडतूस चढवणारी. तिचं तेलपाणी दर रविवारी सकाळी, पेज पिऊन झाल्यावर, घरापुढच्या खळ्यात चादर अंथरून. दस्ता ओढून आत काडतूस नाही हे आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं, मग मामीलाही बघायला लावायचं. गजाला चिंधी गुंडाळून नळी साफ करायची. दस्त्याबरोबर सरकणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि तोही लगेच पुसायचा. मी एकदा म्हटलं, "मामानू, जरा सढळ हातान घाला की."

"अरे, तेल लावतंय तिका, न्हाव घालीत नाय. जास्त तेलार धूळ बसता."

रविवारी बंदूक सुटी पडलेली असते हे माकडांनाही कळलं होतं. टोळी नेमकी तेव्हाच काजूत उतरायची. मामी डबा बडवत धावायची. "अवो, माकडां इली हत. उठतल्यात काय?"

"अर्ध्यार उठलंय तर स्क्रू हरवतलो. त्यांका सांग, सोमवारी येवा म्हणान."

तेलाची बाटली कायम खिशात. ग्रामसभेत सरपंचांची खुर्ची करकरली, तेव्हा पाणीयोजनेची चर्चा थांबवून मामांनी त्यांना उभं केलं आणि आधी खुर्चीचं काम उरकलं.

या वर्षी नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी परवान्यासाठी लागणारा दाखला दिला नाही. परवाना गेला, बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा झाली. मामांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. त्यांचा जीव अडकला ठाण्याच्या ओल्या कोठीत, जिथे एका पावसाळ्यात लोखंड गंजून जाईल. मी तावातावाने नागरिकांच्या हक्कांवर सहा पानी अर्ज लिहिला. तो घरीच ठेवून मामा एसटीत बसले.

"साहेब, बंदूक आता माझी नाही, मान्य," ते ठाण्यात फौजदारांना म्हणाले. "फक्त रविवारी पुसू द्या."

साहेब हसले. "हवालदार समोर बसेल, काका. चालेल?"

"चालेल. आत काडतूस नाही, ते त्यांनीच बघायचं."

पावसाळा असाच गेला. एका रविवारी मीही सोबत होतो. हवालदाराने बंदूक टेबलावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, उद्या ही ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात जाणार. जुनी हत्यारं तोडायला काढलीत. आज नाही केलंत तरी चालेल."

मामांनी चष्मा पुसला, दस्ता ओढला, हवालदाराला आत बघायला लावलं. पट्टी त्यांना नीट दिसेना. थेंब टेबलावर पडला. मी बाटली घेतली, त्यांनी बोटाने जागा दाखवली. सगळं पुसून झाल्यावर त्यांनी दस्ता एकदा मागेपुढे केला. कुठेही अडला नाही.

"जातली ती जातली," मामा मला म्हणाले, "पण गंज घेवन जावची नाय."

हवालदार बंदूक उचलायला वाकला, तेव्हा मामांनी हातातली चिंधी पुढे केली.

"साहेब, ह्याने धरा. हाताचा घाम लागतो."